लिव्हर ‘पी’वर, गाडी शेजाऱ्यांच्या फाटकावर

प्रश्न: वकीलसाहेब, मी इंदूरला रामबागेत राहतो. माझ्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गियर लिव्हर अडकायचा, म्हणून एका गॅरेजवाल्याकडून केबलसकट दुसरा बसवून घेतला. १४ हजार यूपीआयने दिले, हातात कच्ची चिठ्ठी. तिसऱ्या दिवशी घरासमोरच्या उतारावर ‘पी’ला (पार्क) लावलेली गाडी मागे सरकली आणि शेजाऱ्यांच्या फाटकावर आदळली. गॅरेजवाला म्हणतो, तुम्हीच ‘एन’ला (न्यूट्रल) सोडली असेल. विम्याचा सर्व्हेअर म्हणतो, बाहेरचा पार्ट म्हणजे बेकायदा बदल, क्लेम विसरा. काय करू?

उत्तर: आधी गाडीला कुणालाही हात लावू देऊ नका, त्या गॅरेजवाल्याला तर मुळीच नाही. ‘आणा, फुकटात नीट करून देतो’ असं तो गोडीत म्हणेल आणि दहा मिनिटांत केबल जुळवून तुमचा पुरावाच पुसून टाकेल. गाडी धरून ठेवते ती गियरबॉक्समधली पार्किंगची खीळ. केबल नीट जुळवली नसेल तर वर ‘पी’ दिसतो आणि खाली खीळ बसलेलीच नसते. अधिकृत वर्कशॉपकडून हे तपासून लेखी घ्या. लिव्हर आणि केबलचं खालचं टोक, दोन्ही एकाच व्हिडिओत दिसू द्या.

हँडब्रेक ओढला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. समोरचा वकील पहिलं तेच विचारेल. ओढला नसेल तर तसं सांगा. भरपाई थोडी कमी होईल, पण खोटं उघडं पडलं तर सगळंच जाईल.

‘बेकायदा बदला’ला घाबरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बदल म्हणजे गाडीच्या रचनेत असा फेरफार, की तिचं मूळ वैशिष्ट्यच पालटतं. ऑटोमॅटिक गाडीत ऑटोमॅटिकचाच लिव्हर बसवणं ही साधी दुरुस्ती. (मॅन्युअलची ऑटोमॅटिक करून घेतली असती, तर मी इतक्या निवांतपणे लिहिलं नसतं.)

आणि सर्व्हेअर फक्त अहवाल देतो, क्लेम नाकारते ती कंपनी. तेव्हा नकार कारणासह लेखी मागा. लिव्हर-केबलचा खर्च यांत्रिक बिघाडात जातो, तो विम्यातून मिळणार नाही. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी) असेल तर बंपर-डिकीचा मात्र मागा. कंपनीने लेखी तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, तर भोपाळचे विमा लोकपाल आहेत. तिथे वकील चालत नाही. माझ्या पोटावर पाय, पण खरं ते सांगितलं.

गॅरेजवाल्याला आधी १५ दिवसांची नोटीस द्या. मग इंदूरच्या जिल्हा उपभोक्ता आयोगात तक्रार. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मुदत दोन वर्षं, आणि तुमच्या रकमेला फी शून्य. पक्कं बिल नाही म्हणून अडणार नाही. यूपीआयची नोंद, चिठ्ठी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं जोडा. मोबाइलमधल्या गोष्टींसोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्याचं, प्रमाणपत्र द्या.

राहिलं फाटक. त्याचं नुकसान थर्ड पार्टीत (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्यात) मागता येतं, पण कंपनीला विचारल्याशिवाय शेजाऱ्यांना ‘पैसे मी देतो’ असं लिहून देऊ नका. पॉलिसीच्या अटीत ते बसत नाही. चहाला बोलवा, फोटो आणि सुताराचं-लोहाराचं कोटेशन मागून घ्या.