'अंध' आणि 'आंधळा' यांत फरक काय?

शेजारच्या आजोबांना दिसत नाही, त्यांना 'आंधळे आजोबा' म्हटल्यावर आई रागावली. मग 'अंध' चालतं आणि 'आंधळा' का नाही, असं तुम्ही विचारलंय.

अर्थ एकच. संस्कृतातला जसाच्या तसा उचलला तो 'अंध', तोंडातोंडी घासून आला तो 'आंधळा'. ('आंध' लिहू नका. ती मराठवाडा-विदर्भातली आदिवासी जमात.) अंधकार म्हणजे अंध करणारा, त्याचाच आपला अंधार झाला.

फरक आहे तो बोचण्याचा. 'आंधळा कारभार', 'आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय' यांत आंधळा म्हणजे बेसावध, अक्कल न चालवणारा. माणसाला तो शब्द लावला की हे सगळं मागोमाग येतं. रातांधळेपणा, आंधळी कोशिंबीर यांत मात्र कुणाला काही खुपत नाही. आणि 'अंध'ही फार सोवळा नाही, अंधश्रद्धा त्याच्याच घरची.

कागदावर 'अंध' म्हणजे पूर्ण अंधार असंही नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी 3/60 पेक्षा कमी असली तरी अंधत्वच धरतात. म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते त्याला तीन मीटरवरूनही दिसत नाही. अशा माणसाला उजेड कळतो, दारात कुणी उभं राहिलं तर सावलीही कळते.

आमचे मामा कोल्हापुरात मंगळवार पेठेत वेताच्या खुर्च्या विणायचे. एका गिऱ्हाइकानं शंभराची म्हणून पन्नासाची नोट दिली. मामांनी ती बोटांवर मापली आणि म्हणाले, "आंधळा हाय मी, खुळा न्हवं." स्वतःला ते बिनदिक्कत आंधळा म्हणायचे. दुसऱ्यानं म्हटलं की गप्प बसून वेत ओढत राहायचे.

तेव्हा आजोबांना आजोबाच म्हणा. ओळख करून देताना सांगणं भागच असेल तर 'त्यांना दिसत नाही' म्हणा. 'अंध' फॉर्मवर ठीक. आणि त्यांच्यासमोर 'बघा', 'बघू' हे शब्द टाळत बसू नका. मी नवी गाडी घेतली तेव्हा मामाच म्हणाले, "आण की दारात, बघू दे." हँडलपासून सायलेन्सरपर्यंत हात फिरवला आणि मागच्या मडगार्डवरचा पोचा मला दाखवला. शोरूममधून आणताना मला तो दिसलाच नव्हता.