टेट्राएथिल लेड टिकतं, मग टेट्राएथिल टायटॅनियम का टिकत नाही?

तुम्ही विचारलंय की टेट्राएथिल लेड (शिशाला चार एथिल गट जोडलेलं संयुग) वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये मिसळलं जायचं, मग टेट्राएथिल टायटॅनियम बाटलीत का ठेवता येत नाही? संक्रमण धातू (टायटॅनियम, क्रोमियम, टंगस्टन यांसारखे) आणि कार्बन यांच्यातला बंध कमकुवत असतो म्हणून?

नाही. एके काळी जाणकारांनाही तसंच वाटायचं. खरं तर लेचापेचा बंध शिशाचा. इंजिनाच्या उष्णतेत तो तुटतो, म्हणूनच तर ते पेट्रोलमध्ये घालायचे. टायटॅनियमचा बंध त्याहून चांगलाच मजबूत आहे. फरक एवढाच की टायटॅनियमला पळवाट आहे, शिशाला नाही.

ती पळवाट म्हणजे बीटा-हायड्राइड एलिमिनेशन. एथिलमधल्या धातूपासून दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन (हाच बीटा-हायड्रोजन) वाकून धातूपाशी येतो, धातूच्या रिकाम्या डी-ऑर्बिटलमध्ये शिरतो आणि एथिलीन सुटून जातं. बंध सरळ तोडायची गरजच पडत नाही. शिशाकडे तसं सोयीचं रिकामं ऑर्बिटल नाही.

मग बीटा-हायड्रोजनच काढून टाकला तर? निओपेंटिल किंवा बेंझिल गट लावा, टायटॅनियमची संयुगं नेहमीच्या तापमानाला हाती लागतात. रसायनशास्त्रज्ञ विल्किन्सन यांच्या गटाने १९७३ साली हेक्सामिथाइल टंगस्टन वेगळं केलं, तेही धातूभोवती स्थिरतेसाठी नेहमी लागणाऱ्या १८ ऐवजी अवघ्या १२ इलेक्ट्रॉनांवर! (स्फोटक आहे, तो भाग वेगळा.) मला सर्वांत आवडतो तो क्रोमियमला चार नॉरबॉर्निल गट (पूल असलेली कार्बनची कडी) लावण्याचा प्रकार. तिथे बीटा-हायड्रोजन आहेत, पण एलिमिनेशन झालं तर पुलाच्या टोकाशी दुहेरी बंध यावा लागेल. ब्रेटचा नियम (लहान पूल-कडीत टोकाच्या कार्बनवर दुहेरी बंध बसत नाही) ते होऊ देत नाही, त्यामुळे संयुग टिकतं.

पण एवढ्यावर भागत नाही. टेट्रामिथाइल टायटॅनियममध्ये बीटा-हायड्रोजन नाही, तरी ते शून्याच्या बरंच खाली विघटित होतं. कारण धातूभोवती जागा मोकळी आहे. तीच जागा बायपिरिडिलने (धातूला दोन ठिकाणी धरणाऱ्या रेणूने) अडवली की ते बरंच जास्त टिकतं. सीपी-आयर्न-डायकार्बोनिल-एथिलचंही (सीपी म्हणजे सायक्लोपेंटाडायनिल) तेच: १८ इलेक्ट्रॉन पूर्ण, बीटा-हायड्रोजन असूनही त्याला शिरायला जागा नाही.

आवर्त सारणीतल्या गटात वरून खाली जाताना मात्र जपून. मुख्य गटात (सिलिकॉन ते शिसं) कार्बनशी बंध कमजोर होत जातो, संक्रमण धातूंत सहसा मजबूत. निकेलच्या अल्किलपेक्षा (एथिल, मिथिलसारखे गट लावलेल्या संयुगापेक्षा) प्लॅटिनमचं जास्त टिकतं ते त्यामुळेच. नेट-सेटच्या पेपरात क्रम लावायला आला तर आधी धातू कुठल्या ब्लॉकमधला आहे (मुख्य गट की संक्रमण धातू) ते बघा, मग बीटा-हायड्रोजन आहे का, आणि मग धातूपाशी जागा उरली आहे का.