ड्रॉप मुलीसाठी घ्यायचा की आजीसाठी?

पत्र : आमचा तमिळनाडूत गलाईचा (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा) व्यवसाय आहे. मी, पत्नी आणि नववीतला मुलगा तिकडे असतो. मुलगी दहावीनंतर विट्याला माझ्या आईजवळ राहते. यंदा बारावी सायन्स (गणितासह) ७८ टक्के, नीटला ३१० मार्क. एक वर्ष ड्रॉप घेऊन तिने पुन्हा नीट द्यावी असं आमचं मत आहे. घरीच राहून ऑनलाइन क्लास करेल, म्हणजे आईकडेही लक्ष राहील. आई ७४ वर्षांची आहे, वयामुळे विसरायला लागली आहे. भाजीवाल्याला दोनदा पैसे देते, मागच्या महिन्यात मारुतीच्या देवळातून येताना गल्ली चुकली. मी बदाम आणि ब्रेन टॉनिक पाठवत असतो. मुलगी मात्र म्हणते, नीट नको, मला म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्यावर संशोधन करायचंय. रोज रात्री आजी काय जेवली, काय विसरली ते वहीत लिहीत बसते. डॉक्टर झाल्याशिवाय असलं संशोधन कोण करू देतं? माझी बहीण तासगावला असते, तिलाही हे पटत नाही. कृपया मुलीला समजावून सांगा. – एक पालक, विटा

उत्तर : ‘म्हणजे आईकडेही लक्ष राहील’ हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तुम्ही सहज लिहून गेलात. पण त्याचा अर्थ काय होतो बघा. नीटचा ड्रॉप म्हणजे रोज दहा-दहा तास बैठक, मध्ये उठणं नाही, डोकं शांत. आणि वाट चुकू लागलेल्या माणसाची सोबत म्हणजे दाराकडे कान, गॅसकडे डोळा, रात्री दोनदा उठून आजी अंथरुणावर आहे ना ते पाहणं. ही दोन्ही पूर्ण वेळेची कामं तुम्ही सतरा-अठरा वर्षांच्या मुलीकडून एकाच वेळी मागताय. त्यातलं एक काम गेली दोन वर्षं ती करतेच आहे. ३१० मार्क कमी आहेत हे तुम्हाला दिसलं. ते कुठल्या घरात बसून मिळवले, हे पत्रात कुठेच नाही.

आणखी एक विचारते, राग मानू नका. मुलगा जर बारावीला असता, तर तो आजीजवळ राहून ड्रॉप घेईल असं तुमच्या मनात आलं असतं का? घरातल्या माणसांनी विनामोबदला केलेल्या डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या आजाराच्या) सेवेचे सुमारे ७० टक्के तास बायकांच्या वाट्याला येतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगभर हीच तऱ्हा आहे, एकट्या विट्यातली नाही. पण म्हणून तुमच्या घरात ते तसंच चालू द्यायला हवं असं नाही.

तुमची अडचण मला कळते. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या भट्ट्या घेऊन देशभर पांगली, तिकडे साताऱ्याच्या पाटण-जावळीची माणसं माथाडीच्या कामाला मुंबईला गेली. मागे गावात दुमजली घरं आणि त्यात म्हातारी माणसं. तुम्ही आईला टाकून गेलेला नाहीत. पैसे येतात, रोज फोन होतो, यात्रेला सगळे जमता. पण फोनवर आई ठीकच बोलते. पाच मिनिटांच्या फोनवर बहुतेक सगळेच ठीक बोलतात. विसरणं दिसतं ते सोबत राहणाऱ्याला, आणि तुमच्या घरात सोबत राहणारी एकच व्यक्ती आहे.

आता आईंबद्दल. माझं काम करिअरचं, तरी हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एखाद्याचं नाव पटकन न आठवणं, चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, हे वयाबरोबर होतं. ज्या रस्त्याने आयुष्यभर देवळात गेलो त्या रस्त्यावर हरवणं हे निव्वळ वय नाही. आणि ते डिमेन्शियाच असेल असंही नाही. बी-१२ ची कमतरता, मंदावलेला थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, अंगात मुरलेला संसर्ग, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त, एवढंच काय, कमी ऐकू येणं, यातल्या कशानेही माणूस असा गोंधळू शकतो. यातली बरीच कारणं रक्ताच्या साध्या तपासण्या, स्कॅन आणि गोळ्यांची यादी तपासून कळतात, आणि कळली तर त्यांवर उपचार आहेत. ‘वय झालं’ म्हणून दोन वर्षं गेली, तर तीच वेळ वाया जाते. मिरजेत न्यूरॉलॉजीचे डॉक्टर आहेत, सांगली-मिरजेला सरकारी रुग्णालयं आहेत. तुम्ही स्वतः चार दिवस या आणि आईला घेऊन जा. मुलीला एकटीला पाठवू नका.

जाताना तिची वही बरोबर न्या. तुम्हाला तो वेळेचा अपव्यय वाटतो, पण डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील: कधीपासून, किती वेळा, काय काय? बहुतेक घरांत याचं उत्तर ‘असंच, थोडे दिवस झाले’ असं असतं. तुमच्याकडे तारखेनिशी लिहिलेलं आहे.

टॉनिकबद्दल एवढंच. स्मरणशक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या गिंको बिलोबा या झाडाच्या अर्काची अमेरिकेत ७५ आणि त्याहून जास्त वयाच्या तीन हजारांवर माणसांवर कित्येक वर्षं चाचणी झाली, २००८ साली निकाल आला: डिमेन्शिया टाळण्यात त्याचा उपयोग झाला नाही. बदाम खुशाल पाठवा. टॉनिकच्या पैशात आईंच्या कानांची तपासणी करून घ्या.

आणि अशी चाचणी घेणं, त्यासाठी माणसं निवडणं, निकाल ठरवणं, हेच तुमच्या मुलीला करायचंय.

‘डॉक्टर झाल्याशिवाय असलं संशोधन कोण करू देतं’ हा तुमचा समज इतका पसरलेला आहे की त्यावर जरा सविस्तर लिहिते. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० माणसांवर दोन वर्षं एक प्रयोग झाला, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आहार, व्यायाम, बुद्धीला काम देणारे सराव आणि रक्तदाब-साखरेवर नजर, हे सगळं एकत्र केलं तर बुद्धीची घसरण रोखता येते का, असा प्रश्न होता. ज्यांना हे सगळं मिळालं त्यांचे चाचणीतले निकाल इतरांपेक्षा चांगले आले. आता यात कोण कोण लागलं असेल विचार करा. आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, नर्स, आकडे तपासणारे संख्याशास्त्रज्ञ, आणि डॉक्टरही. आपल्याकडे २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची देशव्यापी पाहणी झाली, ‘लासी’ नावाची. ती मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयपीएसने पार पाडली. ती संस्था वैद्यकीय कॉलेज नव्हे, लोकसंख्याशास्त्राची आहे. घरोघरी जाऊन लोकांच्या हाताच्या पकडीची ताकद मोजली, चालण्याचा वेग मोजला. याच पाहणीला जोडून झालेल्या अभ्यासातून कळलं की भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना डिमेन्शिया असावा. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर भागात गावातल्याच माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतं आहे. म्हाताऱ्या माणसांचा अशक्तपणा, ज्याला डॉक्टर फ्रेल्टी म्हणतात, तो ओळखायची २००१ मधली पद्धतही बघा: नकळत उतरलेलं वजन, सततचा थकवा, सैल पकड, मंद चाल, कमी हालचाल, या पाचांपैकी तीन किंवा अधिक असतील तर फ्रेल्टी. यासाठी वजनकाटा, स्टॉपवॉच, पकड मोजायचं यंत्र, नीट विचारलेले चार प्रश्न आणि धीर लागतो.

तुमच्या मुलीजवळ एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या हुशार विद्यार्थ्याजवळ सहसा नसते. स्मरणशक्तीची जगभर वापरली जाणारी एक चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात, एक वाक्य लिहायला सांगतात. शाळेत न गेलेली बाई त्यात नापासच होणार, तिची बुद्धी तल्लख असली तरी. म्हणून हरियाणात बल्लभगडला काम करणाऱ्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात निरक्षर माणसांसाठी तिचं हिंदी रूप घडवलं. आपल्याकडची आजी तारीख कदाचित सांगणार नाही, पण अमावस्या कधी, आठवडी बाजार कधी, यात्रेला किती दिवस उरले, हे अचूक सांगेल. कुठला प्रश्न आजीची परीक्षा घेतो आणि कुठला तिच्या शाळेची, हे ज्याला घरात राहून कळलंय त्याची या क्षेत्राला गरज आहे. कमी शिक्षण हा डिमेन्शियाचा धोका वाढवणारा घटक आहे, असं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात आहे. बदलता येण्याजोगे १४ धोके त्यात दिले आहेत: कमी ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा, असे. या सगळ्यांवर काम झालं तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. एकटेपणा हाही त्या यादीत आहे, हे गलाईवाल्यांच्या गावात वाचताना मला जड जातं.

नीट, सीईटीच्या वाटा तुम्हाला पाठ आहेत, त्यावर शब्द घालवत नाही.

तिच्यासाठी मला तीन वाटा दिसतात. बारावीला गणित आहे, म्हणून बी.एस्सी. संख्याशास्त्र हा माझा पहिला कल. पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. किंवा देवनारला आयआयपीएस. वृद्धांवरच्या प्रत्येक मोठ्या अभ्यासाला आकडे समजणारा माणूस लागतो आणि तो कमी मिळतो. माणसांत राहूनच काम करायचं असेल तर मानसशास्त्राची पदवी, आणि पुढे बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणाचं लक्ष्य. तिसरी वाट फिजिओथेरपीची किंवा वाचा-श्रवण उपचाराची. फिजिओथेरपी कराडलाही शिकता येते, वाचा-श्रवणासाठी मुंबईची अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाचा-श्रवण संस्था आहे. या वाटेवर संशोधन जमलं नाही तरी हातात व्यवसाय राहतो. प्रवेशाच्या अटी बदलतात, त्या यंदाच्या माहितीपत्रकातच पाहा.

पैशाचं लपवत नाही. पदवी, पदव्युत्तर, मग पीएच.डी., म्हणजे दहा-अकरा वर्षं. जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठीची सरकारी शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. गलाईच्या गल्ल्यापुढे हे काहीच नाही. प्रकल्पावरच्या नोकऱ्या कंत्राटी असतात, प्रकल्प संपला की नोकरी संपते. तुम्ही तिला बिझनेसमध्ये घेतलंत तर ती याहून लवकर कमावेल. पण नीटचे दोन ड्रॉप, मग खासगी कॉलेजची फी, आणि शेवटी मन नसलेला डॉक्टर, हा हिशेबही मांडून बघा.

आता मुलीला दोन शब्द, कारण हे उत्तर ती वाचेलच.

बाळ, आजीवर तुझी माया आहे म्हणून तुला संशोधन आवडेलच असं नाही. संशोधनात तुझी आजी नसते. दोनशे आज्या असतात, प्रत्येकीला तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारायचा असतो, आणि उत्तर चुकलं तरी सांगायचं नसतं. कंटाळा येतो. कधी दोन वर्षांच्या कामातून काहीच निघत नाही. ते जमेल का, हे आधी करून बघ. गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघात जा, परवानगी घेऊन दहा-बारा जणांच्या चालण्याचा वेग मोज, चार मीटर अंतर आणि फोनमधलं स्टॉपवॉच पुरे. रोज तेच करून आठवड्याने तुला पुन्हा जावंसं वाटतंय का, ते स्वतःला विचार. वाटलं तर संख्याशास्त्राचा फॉर्म भर. नाही वाटलं, आणि आजीजवळ बसणंच तुला आवडतं असं कळलं, तर फिजिओथेरपी किंवा मानसशास्त्र बघ. आणि एक: आजीची काळजी घेताना दमतेस, चिडतेस, कधी रडू येतं, हे वाईट मुलीचं लक्षण नाही. आईला फोनवर ते सांग.

दादा, आता तुमच्याकडे परत येते. मुलीच्या करिअरचा निर्णय महिनाभर थांबू शकतो. आजीजवळ कोण, याचा निर्णय थांबणार नाही. तासगावची बहीण मत द्यायला आहे, तर आठवड्यातले दोन दिवस तिला मागा. दिवसभरासाठी पगारी बाई ठेवा. गलाईच्या दुकानात कामगार ठेवता, तसा हाही खर्च धंद्यातच धरा. किंवा पत्नी सहा महिने इकडे आणि तुम्ही सहा महिने, किंवा तपासणीनंतर आईला तिकडेच नेणं. पण अनोळखी गावात, अनोळखी भाषेत गोंधळ वाढू शकतो, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. देवघराजवळ आणि दारावर तुमचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लावा, आईंच्या पदराला किंवा पिशवीला पत्ता असू द्या. शेजाऱ्यांना स्पष्ट सांगा, लपवू नका. मागच्या महिन्यात गल्ली चुकल्या तशा पुन्हा चुकल्या तर पहिली हाक त्यांनाच लागणार आहे.

हे मार्गी लागल्यावर मुलीला सांगलीला किंवा कोल्हापूरला वसतिगृहात राहून शिकू द्या. मिरजेच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला कळवा, आणि ते पत्र मुलीला लिहू द्या.