फ्रीरोल म्हणजे एकाच स्पर्धेतले दोन वेगळे खेळ

तुमचा प्रश्न मला असा समजला: फ्रीरोलमध्ये, म्हणजे प्रवेश शुल्क नसलेल्या पोकर स्पर्धेत, एक्क्यांची किंवा राजांची जोडी आली, नेहमीसारखं तिप्पट रेझ केलं (पैज वाढवली), पाच जण कॉल करून (तेवढीच रक्कम लावून) आत आले आणि रिव्हरवर, म्हणजे टेबलावरच्या शेवटच्या उघड्या पत्त्यावर, कुणीतरी सत्ती-दुरीच्या दोन जोड्या दाखवून सगळ्या चिप्स नेल्या. असं वारंवार होतंय. मग इतरांसारखं पहिल्याच डावाला ऑल-इन करावं (सगळ्या चिप्स एकदम लावाव्यात), की शेवटपर्यंत फोल्ड करत (पत्ते टाकून देत) बसावं?

दोन्ही नको. फ्रीरोलचा पहिला तास आणि शेवटचा तास हे दोन वेगळे खेळ आहेत. बहुतेक लोक त्यातला एकच खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळतात.

आधी एक्क्यांचं बघू, कारण तिथेच सगळ्यात जास्त मनस्ताप होतो. कुठलेही पत्ते घेऊन आलेल्या एका खेळाडूसमोर ऑल-इन झालात तर एक्क्यांची जोडी सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. तिघांसमोर हा आकडा ६४ च्या आसपास येतो आणि पाच जणांसमोर ४९. म्हणजे पाच जण आले की निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही बाहेर पडणार. यात दुर्दैव काही नाही, हे साधं गणित आहे. पण त्याची दुसरी बाजूही बघा. एकासमोर जिंकलात तर स्टॅक (तुमच्या एकूण चिप्स) दुप्पट, म्हणजे सरासरी १.७ पट. पाच जणांसमोर जिंकलात तर सहापट, म्हणजे सरासरी जवळजवळ २.९ पट. सुरुवातीच्या टप्प्यात बक्षिसं खूप लांब असतात आणि स्पर्धेला प्रवेश शुल्क नसतं, तेव्हा हा सौदा उत्तम आहे. हरलात तर स्पर्धा बंद करा आणि पुढच्या कामाला लागा.

पहिल्या डावाला डोळे मिटून ऑल-इन करण्यात मात्र असा काहीच फायदा नाही. सहा जण कुठल्याही पत्त्यांवर ऑल-इन झाले तर तुमची जिंकण्याची शक्यता सहात एक आणि मिळकत सहापट, म्हणजे हिशेब शून्य. त्या गोंधळातून तुम्ही कमावता ते फक्त चांगल्या पत्त्यांची वाट पाहून. पहिल्या टप्प्यात माझी निवड अगदी आखूड असते: दहांच्या जोडीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी. माझ्याआधीच दोघे-तिघे ऑल-इन झालेले असतील तर त्यातलंही खालचं सोडून देतो. छोट्या जोड्या स्वस्तात फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन उघडे पत्ते) बघायला मिळाला तरच खेळा. जोडीचाच तिसरा पत्ता फ्लॉपवर साधारण आठ-नऊ वेळांत एकदाच लागतो. पण लागला की समोरचे पैसे टाकायला तयारच असतात, म्हणून त्या एका वेळेला मागच्या सगळ्या फोल्डची भरपाई होते.

रेझ तिप्पट का करता? ज्या टेबलावर तिप्पटलाही पाच जण येतात, तिथे सहापट करा, आठपट करा. अशा टेबलावर रेझचा आकार पाहून तुमचे पत्ते ओळखायच्या फंदात कुणी पडत नाही. फ्लॉपनंतरही तेच. तुमच्याकडे वरची जोडी आहे, फ्लॉपवर दोन बदाम आहेत, तर पॉटएवढी (टेबलावर जमलेल्या एकूण रकमेएवढी) बेट लावा. कॉल करणाऱ्याला तो कॉल परवडायला ३३ टक्के शक्यता हवी आणि पुढच्या एका पत्त्यावर त्याचा फ्लश (इथे बदामाचे पाच पत्ते) लागायची शक्यता २० टक्क्यांच्या आत असते. तो तरीही कॉल करेल. करू द्या, तुमचा नफा तिथूनच येतो.

आणि कृपा करून या टप्प्यात ब्लफ करू नका, म्हणजे हलक्या पत्त्यांवर बेट लावून समोरच्याला घाबरवायला जाऊ नका. पॉटच्या निम्म्या रकमेचा ब्लफ परवडायला तो तीन वेळांत एकदा तरी चालायला हवा. समोर तिघे असतील आणि प्रत्येक जण निम्म्या वेळा फोल्ड करत असेल असं धरलं (फ्रीरोलमध्ये हे फारच उदार गृहीतक आहे), तरी तिघेही एकदम फोल्ड करण्याची शक्यता आठात एक. हिशेब कुठेच बसत नाही.

मग ब्लाइंड (दर डावाला दोन खेळाडूंनी सक्तीने लावायच्या रकमा, लहान ती स्मॉल आणि मोठी ती बिग) वाढतात, टेबलं कमी होतात आणि खेळ बदलतो. इथे बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट म्हणजे गैरहजर खेळाडू. फुकट असल्यामुळे अनेक जण नाव नोंदवून निघून जातात. त्यांचे ब्लाइंड आपोआप कापले जातात आणि पत्ते आपोआप फोल्ड होतात. तुमच्या डावीकडे लगेच असे दोन खेळाडू असतील तर तुम्ही डीलर बटणावर (पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवर) असताना दोन्ही ब्लाइंड त्यांचेच असतात. तुमच्यापर्यंत सगळ्यांनी फोल्ड केलं असेल तर हातात काहीही असो, किमान रेझ करा. ब्लाइंड १०० आणि २०० असतील तर प्रत्येक फेरीत ३०० चिप्स जोखमीशिवाय मिळतात. टेबल बदललं की मी सगळ्यात आधी कोण गैरहजर आहे ते बघतो.

स्टॅक दहा बिग ब्लाइंडच्या खाली आला की छोटे रेझ बंद, एक तर ऑल-इन नाहीतर फोल्ड. स्मॉल ब्लाइंडवर असाल आणि तुमच्याआधी कुणी खेळलं नसेल तर कुठलीही जोडी, कुठलाही एक्का पुरेसा आहे. ऑल-इनचे तयार तक्ते मिळतात, ते जरूर अभ्यासा. पण ते तक्ते समोरचा शहाणपणाने फोल्ड करेल असं धरून बनवलेले असतात. फ्रीरोलमध्ये लोक जास्त कॉल करतात, म्हणून तक्त्यातले सगळ्यात खालचे पत्ते, म्हणजे नव्वी-सत्ती वगैरे, गाळून टाका. ब्लफसुद्धा आता, समोर एकच खेळाडू असेल आणि त्याच्याकडे गमावण्यासारखं काही असेल तेव्हा चालतो.

बक्षीस नेमकं काय आहे ते मात्र सुरुवातीलाच वाचा. अनेक फ्रीरोलमध्ये पैशांऐवजी मोठ्या स्पर्धेची तिकिटं असतात आणि ती सगळ्यांना सारखीच. समजा दहा तिकिटं आहेत, अकरा जण उरलेत, तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात, दोघा-तिघांकडे एखाद-दुसरा ब्लाइंड शिल्लक आहे आणि पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूने तुमच्यावर ऑल-इन केलं. तुमच्याकडे एक्के आहेत. फोल्ड करा. फोल्ड केलंत तर तिकीट जवळपास नक्की आहे, कॉल केलात तर ८५ टक्क्यांच्या आसपास, आणि जिंकलात तरी दुसरं तिकीट मिळत नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. हजारो खेळाडूंचा फ्रीरोल कित्येक तास चालतो आणि बक्षिसाचे तुकडे लहान असतात. कमी खेळाडूंचे किंवा पासवर्ड लागणारे फ्रीरोल शोधा. रीबाय आणि ॲड-ऑन (पैसे भरून आणखी चिप्स घेण्याची सोय) असलेल्या स्पर्धेत प्रवेश फुकट असला तरी इतर जण पैसे ओतून स्टॅक वाढवतात. आपण ओतायचे नसतील तर त्यात जाऊच नका. जिंकलेल्या रकमेसाठी ख्रिस फर्ग्युसनची पद्धत मला पटते. २००० साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकलेल्या या खेळाडूने नंतर शून्यातून, फ्रीरोलपासून सुरुवात करून १०,००० डॉलर केले. त्याचा नियम असा की बऱ्याच टेबलांच्या स्पर्धेत एकूण जमा रकमेच्या साधारण २ टक्क्यांपेक्षा जास्त प्रवेश शुल्क भरायचं नाही. फ्रीरोलमधून पाच डॉलर मिळाले तर या नियमाने दहा सेंटची स्पर्धा बसते. तेवढी स्वस्त स्पर्धा सापडली नाही तर ते पाच डॉलर तसेच ठेवा आणि आणखी काही फ्रीरोल खेळा.