ती हवेशी बोलते, मॅडम

(ओळख पटू नये म्हणून या हकिगतीतले तपशील बदलले आहेत.)

'आठ वर्षांची झाली तरी हवेशी बोलते. तिला ते खरंच वाटतं का हो? डोक्यात काही बिघाड तर नसेल?' हा प्रश्न मला पालक वरचेवर विचारतात. या आईने तो विचारला तेव्हा मुलगी बाहेरच्या खोलीत बसली होती.

टुणू हा तिचा मित्र. मुठीत मावणारा, अंधाराला भिणारा, तिच्याशिवाय कुणाला न दिसणारा. बरीच वर्षं तो घरात होता आणि कुणाची काही तक्रार नव्हती. यंदा तिने वर्गातल्या एका मैत्रिणीला विश्वासाने त्याच्याबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग विचारू लागला, 'दप्तरात आणलास का गं टुणूला?' तेव्हापासून तिने चित्रं काढणं सोडलं, मधल्या सुट्टीत ती एकटी बसू लागली आणि रात्री पांघरुणात तोंड घालून कुजबुजू लागली. ती कुजबुज ऐकून आई घाबरली. वडिलांनी तर तिला समोर बसवून 'टुणू-बिणू काही नसतं' असं वदवून घेतलं होतं.

पहिल्या भेटीत मी टुणूचा विषय काढलाच नाही. पुढच्या भेटीत तिनेच काढला. तो केवढा, त्याला काय आवडतं, हे मी लिहून घेत होते. मध्येच ती थांबली, माझ्याकडे काळजीने पाहत हळूच म्हणाली, 'तुम्हाला माहितीये ना, तो खोटाखोटा आहे?'

आईच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच होतं. काल्पनिक सोबत्यांचा अनेक वर्षं अभ्यास केलेल्या मार्जोरी टेलर यांनाही मुलांनी मुलाखतीत अशीच आठवण करून दिल्याचं त्या नोंदवतात. त्यांच्या गटाच्या २००४ मधल्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती होता. त्यात जिवंत मानलेली खेळणीही धरली आहेत.

खोटं आहे हे कळतं, मग जीव का गुंततो? कारण दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. मानसशास्त्रज्ञ पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये लहान मुलांना रिकामी पेटी दाखवली आणि आत राक्षस आहे असं समजायला सांगितलं. राक्षस खरा नाही हे मुलं जाणून होती. तरी काही चिमुकली संशोधकाला खोलीबाहेर जाऊ देईनात, आणि एकटी राहिल्यावर काहींनी पेटी उघडून पाहिली. मोठी माणसंही कादंबरी वाचताना रडतातच.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची होती. डॅनियल हौन आणि मायकेल टोमासेलो यांच्या २०११ मधल्या प्रयोगात चार वर्षांच्या २४ पैकी १८ मुलांनी निदान एकदा तरी, स्वतःच्या डोळ्यांना वेगळं दिसत असूनही, सवंगड्यांचं चुकीचं उत्तर दिलं. उत्तर गुपचूप द्यायचं असलं की मात्र ती कमी वेळा झुकायची. म्हणजे मत बदलत नाही, तोंड बदलतं. या मुलीचंही तेच झालं होतं. वर्गाने टुणूला पांघरुणात ढकललं आणि घरानेही तेच केलं. वडिलांना मी स्पष्टच सांगितलं, 'तुम्ही वदवून घेतलंत त्यातून ती एवढंच शिकली, की घरातही बरोबर उत्तर द्यावं लागतं.' ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आम्ही तिला धीट करायच्या मागे लागलो नाही. वर्गासमोर उभं राहून टुणूची बाजू मांडणं हे आठ वर्षांच्या मुलीचं काम नव्हे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं होतं, की गटात एक जरी माणूस आपल्यासारखं बोलला तर दबाव झपाट्याने उतरतो. तेव्हा शोधायचा होता एकच सोबती. बाईंनी चित्रकलेच्या तासाला सगळ्या वर्गाला एकेक अजब प्राणी काढायला लावला. तिचं नाव कुठेही घेतलं नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा त्याच्या सहा शेपट्यांच्या प्राण्याचं चित्र घेऊन तिच्याजवळ आला. चिडवणं पूर्ण थांबलं नाही, पण ती आता सुट्टीत एकटी नसते.

घरी एवढंच ठरलं: तिने विषय काढला तर ऐकायचं, आपण पुढे रेटायचा नाही, आणि पाहुण्यांसमोर तिची गंमत करायची नाही. काय कुणाला सांगायचं हे तीच ठरवेल. सांडलेल्या पाण्याचा दोष टुणूवर मात्र चालणार नाही, पुसायचं तिनेच.

खरं-खोटं मुलाला वेगळं करता येत नसेल, आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, सोबती त्याच्या ताब्यात न राहता त्याला घाबरवत असेल, झोप-जेवण-अभ्यास कोलमडला असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे उशीर न करता जावं. इथे तसं काही नव्हतं.

निघताना आईने विचारलं, 'मग हा टुणू जाणार कधी?' बहुतेक सोबती न सांगताच जातात, तारीख ठरवून नाही, असं मी म्हटलं. महिन्यातून एकदा तिला भेटायचं मी अजून सुरू ठेवलं आहे. मी टुणूची चौकशी करत नाही, सुट्टीत ती कुणाबरोबर बसते ते विचारते.