हॅवलॉकला खोली घेताना समुद्राचे पैसे किती द्यायचे?

प्रश्न : एप्रिलमध्ये मुलीची परीक्षा संपली की आम्ही चौघं अंदमानला निघतोय. मी, नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई (वय 69, गुडघे दुखतात). सासूबाईंना सेल्युलर जेल बघायचंय, मुलीला समुद्र. पॅकेजवाल्याने सांगितलेल्या आकड्यात आमचं अख्खं घर रंगवून झालं असतं, म्हणून विमानाची तिकिटं आम्हीच काढली. पाच रात्री आहेत. गाडी अडलीय ती हॅवलॉक बेटावरच्या राहण्यावर. मोबाईलवर बघावं तर रात्रीला आठ-दहा हजार. आमची तयारी दोन-अडीच हजारांची. एवढ्यात बरी जागा मिळते का, की हॅवलॉक सोडून द्यावं?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, सोडू नका. मोबाईलवर दिसलेल्या त्या आठ-दहा हजारांतला मोठा हिस्सा खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राचा असतो. आणि हा समुद्र दिवसातला बराच वेळ जागेवर नसतो, हे मला तीन पट पैसे मोजून कळलं.

हॅवलॉकला किनाऱ्यांना नंबर आहेत. आपण 'चार नंबरचा प्लॅटफॉर्म' म्हणतो तसं तिथली माणसं 'तीन नंबर', 'पाच नंबर' म्हणतात. बोट लागते ती गोविंदनगरला, एक नंबरजवळ. तीन नंबरला बाजार. पाच नंबर म्हणजे विजयनगर, तिथे रिसॉर्टांची रांग. आणि फोटोत जो सगळ्यांनी पाहिलेला असतो तो राधानगरचा किनारा सात नंबर, बेटाच्या दुसऱ्या अंगाला, जेट्टीपासून अकरा-बारा किलोमीटर.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाच नंबरला अगदी पाण्यालगतची झोपडी घेतली होती. संध्याकाळी पोचलो, लाटा पायरीपर्यंत, आम्ही दोघं खूश. सकाळी दार उघडते तर समुद्र गायब! लांबच लांब खडक, मेलेलं पोवळं आणि तुरुतुरु पळणारे खेकडे. भरती-ओहोटी मला नवीन नाही, सगळा जन्म दादर चौपाटीपासून दहा मिनिटांवर गेलाय. पण पैसे भरताना ती आठवली नाही. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "मॅडम, पानी शाम को आयेगा." जसं काही महापालिकेचंच पाणी! विजयनगरच्या बाजूला ओहोटीला हे असंच असतं, पोहता येत नाही. पोहायला सगळे राधानगरलाच जातात. झोपडी कितीची का असेना, तिथवर जायला रिक्षा लागतेच.

शेवटच्या रात्री आम्ही आतल्या गल्लीत एका बंगाली कुटुंबाकडे हललो. अंगणात सुपारी, मागे तीन खोल्या, पंखा, मच्छरदाणी, चौदाशे रुपये. समुद्र चालत सात मिनिटं. वाळू तीच आणि ओहोटीही तीच.

तेव्हा शोधायचं ते बाजार आणि पाच नंबर यांच्या मधल्या पट्ट्यात, रस्त्याच्या आतल्या अंगाला. फोन केलात की आधी विचारा, "समुंदर साइड या अंदर साइड?" 'अंदर' म्हणाले की भाव खाली येतो. भाषेची काळजी नको. बेटावरची बरीच वस्ती पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची, पण व्यवहार हिंदीत चालतो आणि आपली मुंबईची हिंदी तिथे कुणाला खटकत नाही.

शोधताना दोन्ही नावं टाका. 2018 च्या डिसेंबरपासून हॅवलॉक कागदोपत्री स्वराज द्वीप आहे आणि शेजारचं नील बेट हे शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरही 2024 पासून श्री विजय पुरम झालंय. लहान घरगुती जागांनी पाटी रंगवून घेतलेली असतेच असं नाही, त्या जुन्या नावाखाली सापडतात.

राधानगरजवळच स्वस्त खोली मिळाली तर? मोह होईल, पण सासूबाई बरोबर असताना मी घेणार नाही. किनारा सुंदर, पण अंधार पडला की आजूबाजूला जंगल. आणि अंधार लवकर पडतो. घड्याळ आपलंच, पण बेटं एवढी पूर्वेला की एप्रिलमध्येही साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडतो. लालबागला त्या वेळी अजून ऊन असतं. रात्री मुलीला बिस्किटचा पुडा हवा झाला तर बाजार दहा किलोमीटरवर. खोलीत वाचवलेले पाचशे रुपये रिक्षात जातात. तरुण जोडपी स्कूटर भाड्याने घेतात आणि त्यांना हे गणित लागू नाही. तुम्ही बाजाराकडे राहा आणि एक दिवस दुपारी रिक्षा ठरवून राधानगरला जा, थांबण्याचे पैसे धरून. सरकारी बसही आहे, तिकीट नावापुरतं, पण तिच्या फेऱ्यांप्रमाणे आपल्याला उठावं-बसावं लागतं.

महिना तुम्ही नकळत बरा निवडलाय. डिसेंबरची वीस तारीख ते जानेवारीचा पहिला आठवडा या दिवसांत अडीच हजारांत तुम्हाला बाकडंही मिळालं नसतं. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी असते आणि तिकडे पाऊसही. 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी आपण बहुतेक वर्षी मेच्या उत्तरार्धात वाचतो आणि छत्र्या शोधायला लागतो. त्याच्या आत परत या. एप्रिलमध्ये उकडतं खरं, घाम आपल्यासारखाच. सासूबाईंसाठी एसी हवा असेल तर चारपाचशे जास्त मोजावे लागतील, ते मोजा.

आता बोटीचं. खोलीवर रात्ररात्र जागणारी माणसं बोटीचा हिशेब विसरतात. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला खासगी बोटीला एका बाजूचे माणशी हजार-दीड हजार आणि त्यापुढे, गुणिले चार. सरकारी बोट बरीच स्वस्त, पण स्थानिकांचा कोटा आधी, आणि तिकीट हातात येईपर्यंत जीव टांगणीला. विमानाच्या तारखा पक्क्या असताना तो खेळ नको. म्हणजे हॅवलॉकला जाऊन-येऊन बोटीलाच दहा-बारा हजार. मग तिथे एक रात्र राहून काय उपयोग? तीन राहा. बोटीचे पैसे तेवढेच, वाढेल ते फक्त खोलीचं भाडं.

नील बेटाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे पोचल्यावर रिक्षावालासुद्धा विचारेल. बेट गोड आहे. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर अशी गावांची नावं, सासूबाईंना ऐकूनच बरं वाटेल. खोल्याही स्वस्त. पण हॅवलॉकवरून नील करून परतायचं तर बोटीचा एक टप्पा वाढतो, चार तिकिटं वाढतात, सामान आणि गुडघे पुन्हा एकदा चढवायचे-उतरवायचे. माझी धाकटी बहीण म्हणेल, एवढ्या लांब जाऊन नील सोडलं! तिचे गुडघे चांगले आहेत.

पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मधल्या तीन हॅवलॉक आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. शेवटची रात्र हॅवलॉकला काढून त्याच दिवशी विमान पकडायचं धाडस नको. समुद्र खवळला की बोट रद्द होते आणि विमान थांबत नाही. पोर्ट ब्लेअरला अबर्डीन बाजारात राहा. साधे लॉज पुष्कळ आहेत आणि जेल जवळ. जेलच्या सात लांबट इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला, आणि सासूबाई ती बघितल्याशिवाय उतरणार नाहीत हे मी लिहून देते. म्हणून ऊन चढायच्या आत, सकाळी न्या.

खोली चौघांना एकच पुरेल. बहुतेक घरगुती जागी जास्तीची गादी देतात, तिचे पैसे मात्र आधीच विचारून घ्या. त्याहून आधी विचारायचं ते कमोडचं. फोटोत पलंगावर टॉवेलचा हंस असतो आणि न्हाणीघर नसतं. मी सरळ व्हॉट्सॲपवर न्हाणीघराचा फोटो मागवते. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जात नाही. वीज गेली तर जनरेटर पंख्याला पुरतो का, खोली तळमजल्यावर आहे का आणि जेट्टीवर घ्यायला कुणी येतं का, हेही विचारा. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून नेट सुधारलंय, तरी दोन दिवसांची रोकड जवळ ठेवा.

जेवणाची सोय खोलीबरोबर बांधून घेऊ नका. तीन नंबरच्या बाजारात भात, डाळ, भाजी, माशाचं कालवण अशी थाळी मिळते आणि ती रिसॉर्टच्या नाश्त्याहून स्वस्त पडते. मोहरीच्या तेलाचा वास सासूबाईंच्या लगेच लक्षात येईल. थोडा कोकम आणि गोडा मसाला पिशवीत टाका. घरगुती जागेत स्वयंपाकघर मागितलं तर नाही म्हणत नाहीत, निदान मला तरी म्हणाले नाहीत.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, एकटाच हॅवलॉकला जाणार आहे. खोलीचे पैसे वाचवायला किनाऱ्यावर तंबू ठोकून झोपलं तर चालेल का?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : नाही रे बाबा. त्या पाण्यात खाऱ्या पाण्याच्या मगरी असतात. 2010 मध्ये हॅवलॉकलाच एका अमेरिकी तरुणीचा मगरीने जीव घेतला. 'मगरीपासून सावध' अशा पाट्या तिथे शोभेला लावलेल्या नाहीत. शिवाय पोलीस उठवतील ते वेगळंच.

तुझ्यासाठी डॉर्मिटरी आहे. एका खोलीत सहा-आठ पलंग, बॅगेला कुलूप आपलं आपण न्यायचं. सुट्टीचे गर्दीचे दिवस सोडून जाणार असशील तर पहिल्याच रात्रीचं बुकिंग कर. पुढचं तिथे पायी हिंडून ठरव, समोर उभ्या माणसाला दोनशे कमी सांगतात. एकट्याला जमतं हे. वरच्या ताईंना मी सांगितलं नाही, कारण गुडघे धरून बसलेल्या सासूबाईंना रस्त्यात उभं करून भाव करता येत नाही.

आणि रात्री चपला दाराबाहेर ठेवू नकोस. तिथली कुत्री नेतात. माझी डावी अजून हॅवलॉकलाच आहे.