पुरात औषधं गेली, तर विमा देईल का?

तुमचा भाचा अमेरिकेत आहे. वादळात घर सोडावं लागलं तर तिकडे विम्यावर मुदतीआधीच पुन्हा औषध मिळतं, असं तो म्हणाला आणि आईच्या शुगरच्या औषधांसाठी आपल्या पॉलिसीत तसं काही आहे का, असं तुम्ही विचारलंत. नाही.

तिकडची अडचणच वेगळी. महिन्याच्या गोळ्या विम्यावर एकदा घेतल्या की महिना सरत येईपर्यंत कंपनी दुसरं बिल घेत नाही. आपत्ती जाहीर झाली की ही अट ढिली करतात. आपण मेडिकलमधून रोखीनं आणतो, आपल्याला कसली अट न् कसली सूट!

आपली पॉलिसी माणूस भरती झाला की जागी होते. आरोग्य संजीवनी या ठरावीक साच्याच्या पॉलिसीत भरतीआधीचे 30 आणि सुट्टीनंतरचे 60 दिवस औषधांची बिलं चालतात, तीही त्याच आजाराची. जनआरोग्य योजनेचे 5 लाखही भरतीसाठीच. वाहून गेलेली स्ट्रिप यात कुठेच बसत नाही. ओपीडीचं वेगळं कव्हर असेल तरच बघा.

2020 च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणाची 33 दारं उघडली, वैनगंगा ब्रह्मपुरीकडच्या गावांत शिरली, तेव्हा आम्ही मायला डोंग्यातून काढलं. इन्सुलिन घरातच राहिलं. शाळेतल्या कॅम्पात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कोणत्या? माय म्हणे, "सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी." आता काय सांगता! इन्सुलिनची बाटली मिळाली ती 40 ची, म्हणजे एका मिलीत 40 युनिटवाली, अन् शेजाऱ्यानं प्रेमानं दिलेली सिरिंज नारंगी टोपणाची, म्हणजे 100 ची. 20 च्या रेघेपर्यंत भरलं असतं तर जेमतेम 8 युनिट गेले असते. उलटं झालं असतं, 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या म्हणजे 40 च्या सिरिंजमध्ये, तर 50! सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

म्हणून विम्याचं सोडा, आरोग्य केंद्र धरा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, बीपी-शुगरच्या गोळ्या तिथंच मिळतात. पावसाळ्यात दहा दिवसांच्या उरल्या की पुढच्या मागायच्या. चिठ्ठीचे आणि स्ट्रिपचे फोटो नागपूरच्या पोरीच्या मोबाईलवर पाठवून ठेवा, आपला फोन भिजतोच. चिठ्ठी गेलीच तर ई-संजीवनी या सरकारी सेवेवर डॉक्टर फोनवरून लिहून देतात. बाहेर काढायला जिल्ह्याच्या 1077 वर फोन केलात तर घरात इन्सुलिनचा पेशंट आहे हे आधी सांगा. आणि मिरगीच्या गोळ्या घेणारं कुणी असेल तर त्याचा एक दिवसही चुकवू नका, शुगरच्या गोळ्यांपेक्षा ते लवकर अंगावर येतं.

वापरात असलेली बाटली चारेक आठवडे फ्रिजबाहेर चालते, फक्त ऊन लागू द्यायचं नाही. आम्ही ती पन्नीत गच्च बांधून ओल्या गाडग्यात ठेवतो, लाल टोपणाच्या सिरिंजा शेजारीच. मृग लागला की माय रोज विचारते, "माझी पन्नी भरली का रे?"